माशी, छिद्र आणि दुर्बीण

अहमदनगरच्या शस्त्रविद्येचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक बहुधा 1549 सालापासून प्रारंभ करतो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण त्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी असलेल्या महंमद बिन हसन रूमी या कारागिराने, ज्यास आपण रूमीखान या नावाने ओळखतो, या शहरात ‘मलिक-इ-मैदान’ ही सुमारे 55 टन वजनाची तोफ ओतली, आणि ती पुढे विजापूरच्या बुरुजावर चढून आजतागायत तेथे विराजमान आहे. परंतु जिच्या मुखात मनुष्य अंग चोरून बसू शकतो, अशा तोफेला सूक्ष्म नेमाची आवश्यकता नसते. प्रस्तुत लेखाचा विषय ज्वारीच्या दाण्याएवढा आहे. बंदुकीच्या नळीच्या टोकावर बसविलेली माशी, तिच्या मागची खाच, त्या खाचेच्या जागी पुढे आलेले छिद्र आणि अखेरीस नळीवर आरूढ झालेली दुर्बीण, या चार वस्तूंचा नगरच्या माळरानाशी आलेला संबंध सांगावा, आणि सामान्य ऐपतीच्या शिकाऱ्याने त्यांतून काय निवडले व काय निवडावयास हवे होते याचा निर्णय करावा, एवढाच येथे हेतू आहे.

तोड्याच्या बंदुकीच्या काळी हा प्रश्न फारसा बिकट नव्हता. त्या बंदुकीला पुढे पितळेची माशी असे, मागे क्वचित खाचेची पट्टी असे, पुष्कळदा तीही नसे. आणि पुढे गावोगावी जी ठासणीची बंदूक पाटील-देशमुखांच्या वाड्यांत खुंटीवर दिसू लागली, तिची नळी आतून गुळगुळीत असल्याने पन्नास-साठ पावलांपलीकडे तिच्या गोळीचा भरवसा धरता येत नसे. जेथे गोळीलाच आपली वाट ठाऊक नाही, तेथे माशी कितीही बारीक घासली तरी तिचा उपयोग काय? म्हणून त्या काळच्या शिकाऱ्याचे सारे कौशल्य सावजाच्या जवळ जाण्यात खर्ची पडे. या विद्येत फासेपारध्यांची बरोबरी करणारे कोणी नव्हते. शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडोशाने, तिच्या चालीशी आपली चाल जुळवीत, वाऱ्याची दिशा राखून पारधी काळविटाच्या कळपाजवळ सरकत असे. आणि ज्याला बंदूक परवडत नसे तो फासे मांडून तेच काम निःशब्दपणे उरकीत असे. या समाजाला इंग्रजी राजवटीने गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली हजेरीला बांधले आणि 1952 साली तो कायदा रद्द झाल्यावरही त्यांच्यावरचा कलंक आपण पुसला नाही, ही गोष्ट शिकारीच्या कोणत्याही इतिहासात नमूद होणे न्यायाचे आहे. कारण साहेबांच्या आठवणींत ज्याचा केवळ ‘माग काढणारा माणूस’ म्हणून उल्लेख येतो, तो बहुशः हाच असे.

1857 च्या उठावाची झळ या जिल्ह्यालाही लागली होती. पूर्वी नगरच्या पोलिसांत अंमलदार असलेल्या भागोजी नाईकाने भिल्लांना संघटित करून नांदूर शिंगोट्याजवळ लेफ्टनंट हेन्री यास ठार केले, तेव्हा तो मुलूख नगर जिल्ह्यातच मोडत होता. नाशिक जिल्हा वेगळा झाला तो 1869 साली. निःशस्त्रीकरणाचे धोरण उठावापाठोपाठच आले, आणि 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक बाळगणे ही कचेरीची मेहेरबानी ठरली. अर्ज, चौकशी, फौजदाराचा अभिप्राय, मामलेदाराची शिफारस आणि कलेक्टरचा हुकूम इतक्या पायऱ्या चढून हाती आलेली बंदूक कुटुंबाच्या प्रतिष्ठेची वस्तू बनली. परवान्यावर काडतुसांची संख्या नोंदलेली असल्यामुळे सरावासाठी बार काढणे हे चैनीत जमा होई, आणि ज्याला सराव नाही त्याला नेम साधण्याचे उत्तम साधन मिळूनही त्याचा हात सुधारत नाही. खर्चाचा विचार करणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी, असे मला वाटते.

आता एका अशा मनुष्याकडे वळू, ज्याचे नाव आपल्याकडे जमाबंदीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे आणि बंदुकांच्या अभ्यासकांनाही ठाऊक आहे, परंतु दोहोंची गाठ क्वचितच घातली जाते. 1847 साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघा अंमलदारांनी मुंबई इलाख्यातील जमीन मोजणीचे व जमाबंदीचे नियम एका संयुक्त अहवालात ग्रथित केले. दख्खनमधील शेतजमिनीची प्रतवारी, सर्व्हे नंबर आणि आकार यांची जी व्यवस्था नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झाली, तिचा पाया त्या अहवालात आहे. यांपैकी डेव्हिड डेव्हिडसन हा मुंबईच्या फौजेतील स्कॉटिश अधिकारी. स्वदेशी परतल्यावर त्याने रायफलीच्या नळीशेजारी, एका बाजूस बसविता येईल अशी दुर्बीण सिद्ध केली, आणि 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात व्हिटवर्थ रायफलींवर बसून तीच दुर्बीण दक्षिणेच्या निवडक नेमबाजांच्या हाती पोहोचली. ज्या माणसाने दख्खनच्या मोजणीत वर्षे घालविली, त्याच्या मनात नळीवर दुर्बीण बसविण्याची कल्पना रुजावी यात मला तरी योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. हे माझे अनुमान आहे. पण मोजणीचे काम ज्याने जवळून पाहिले असेल त्याला ते निराधार वाटणार नाही.

ते काम कसे चाले ते पाहावे. तेहतीस फुटांची साखळी; तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळीच्या जोडीला शंकू असे: काठीच्या डोक्यावर बसविलेले, परस्परांशी काटकोन करणाऱ्या उभ्या फटी असलेले साधन. मोजणीदार एका फटीतून पलीकडच्या निशाणावर डोळा लावी, मग काठी न हलविता दुसऱ्या फटीतून पाही, आणि शेताच्या कोपऱ्यापर्यंतचा लंब त्याला मिळे. त्या फटीला भिंग नव्हते, आणि खर्चही नाममात्र होता. तरीही अशा फटींतून पाहून काढलेल्या हद्दींवर या जिल्ह्यातील भावाभावांचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. साध्या छिद्रातून पाहण्यात केवढी अचूकता असते, याची साक्ष याहून मोठी कोणती हवी?

विसाव्या शतकाच्या आरंभी नगरच्या छावणीतील गोरे अधिकारी कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर काळविटामागे जात, तेव्हा त्यांच्या रायफलींवर शंभर, दोनशे, तीनशे यार्डांच्या दुमडत्या पट्ट्या आणि पुढे हस्तिदंती वा मुलामा दिलेला मणी असे. दाट रानात, संधिप्रकाशात वाघासमोर हा मणी अत्यंत उपयुक्त. जिम कॉर्बेटने आपल्या.275 रिग्बी रायफलीवर उघडी माशीच वापरली, हे प्रसिद्ध आहे. परंतु नगरचे माळ म्हणजे कुमाऊंचे जंगल नव्हे. येथे आडोसा नाही, काळवीट दोनशे यार्डांवर मान उंचावून उभे राहते, आणि त्याच्या खांद्याची उंची अवघी अडीच फुटांच्या आसपास असते. दोन मिलिमीटर रुंदीचा मणी डोळ्यापासून नव्वद सेंटिमीटरवर असला, तर तो शंभर मीटरवर बावीस सेंटिमीटर आणि दोनशे मीटरवर चव्वेचाळीस सेंटिमीटर जागा झाकून टाकतो. म्हणजे शिकारी ज्या छातीवर नेम धरू पाहतो, ती छातीच मण्यामागे अदृश्य होते, आणि चाप ओढला जातो तो अंदाजावर. पोट फुटलेले वा पाय मोडलेले काळवीट मैलोगणती धावत जाऊन बाभळीच्या बुडाशी तडफडून मरे, याचे कारण शिकाऱ्याच्या क्रौर्याइतकेच या गणितातही होते.

यावर उपाय दोन होते, आणि त्यांपैकी स्वस्त तो अधिक चांगला होता, असे माझे स्पष्ट मत आहे. खाचेची पट्टी काढून डोळ्याजवळ एक लहान छिद्र बसवावे व पुढची माशी बारीक करावी, हा तो उपाय. उघड्या खाचेत डोळ्याला खाच, माशी आणि सावज या तीन अंतरांवरील तीन वस्तू एकाच वेळी पाहाव्या लागतात, आणि चाळिशी उलटलेल्या डोळ्याला ते साधत नाही. छिद्रातून पाहताना डोळा आपोआप मध्य शोधतो, आणि माशी व सावज या दोहोंवरच लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेत लायमनने 1879 मध्ये अशा छिद्राच्या पट्टीचे पेटंट घेतले. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने ली-एनफील्ड घडणीच्या रायफलींसाठी ती पुष्कळ विकली. तिच्यात भिंग नाही, म्हणून पावसाळ्यात बुरशी धरत नाही. बाराच्या धक्क्याने तिच्या आतले काही निखळत नाही. आणि सुतळीने बांधून बैलगाडीत टाकलेली रायफल गावी पोहोचली तरी तिचे काही बिघडत नाही.

दुसरा उपाय दुर्बीण. चांगल्या जर्मन दुर्बिणीला रायफलीच्या किमतीशी स्पर्धा करील इतका पैसा पडे. ती संस्थानिकांना, बड्या जहागीरदारांना आणि थोड्या अंमलदारांना परवडे. शिवाय ती नळीवर घट्ट धरून ठेवणाऱ्या कड्या कुशल कारागिराने बसविल्या नाहीत, तर पाच-दहा बारांत शून्य, म्हणजे जुळवून ठेवलेला नेम, सरकते आणि सारा खर्च व्यर्थ जातो. येथे एक गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते. दुर्बिणीची शक्ती जितकी जास्त तितकी ती चांगली, अशी जी समजूत घेणाऱ्याच्या मनात असते, ती या प्रदेशात साफ खोटी ठरते. चैत्र-वैशाखात सकाळी नऊनंतर माळावर मृगजळ उसळू लागते, आणि दहापट मोठे करून दाखविणारी दुर्बीण त्या थरथरत्या हवेलाही दहापट मोठे करते. चौपट शक्तीची, बत्तीस मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण डोळ्याला आठ मिलिमीटरचा प्रकाशझोत देते, आणि मनुष्याची बाहुली अंधारातही सात मिलिमीटरच्या फारशी पुढे विस्तारत नाही. म्हणजे पहाटेच्या अंधूक उजेडासाठी त्याहून मोठ्या भिंगावर खर्च केलेला पैसा अशा चौपट दुर्बिणीत वाया जातो. ज्याला दुर्बीण घ्यावयाचीच होती, त्याने शक्ती कमी व कड्या मजबूत असा हिशेब करावयास हवा होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. .303 हे लष्करी काडतूस असल्याने ते नागरिकांना वर्ज्य. म्हणून इशापूरच्या कारखान्यात तयार होणारी.315 ची रायफल मध्यमवर्गीय परवानेदाराची रायफल झाली, आणि तिची काडतुसे आपल्या शेजारच्या खडकीहून येत. 1959 चा हत्यारांचा कायदा आला, परकीय चलनाच्या टंचाईमुळे परदेशी दुर्बीण दुर्मिळ झाली. पण याच काळात लष्कराने मोडीत काढलेल्या जीपगाड्या माळावर फिरू लागल्या, आणि रात्रीच्या दिव्याच्या झोतात दिपून उभ्या राहिलेल्या हरणांवर चालत्या गाडीतून बार होऊ लागले. यात नेमाचे साधन कोणते, हा प्रश्नच उरला नाही. पारध्याने गाईआडून सरकत जिंकलेले अंतर जीपने क्षणात पार केले, आणि शिकारीत जो काही संयम व कौशल्य होते ते नाहीसे झाले. दोन-तीन दशकांत काळविटांचे कळप विरळ झाले आणि माळढोक दिसणे ही वार्ता होऊ लागली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, आणि 1980 साली कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर. हा कायदा वीस वर्षे आधी व्हावयास हवा होता, असे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

नेम धरण्याची विद्या मात्र या भूमीतून गेलेली नाही. 1948 पासून नगर हे चिलखती दलाच्या शिक्षणाचे केंद्र आहे, आणि खारे-कर्जुन्याच्या मैदानावर रणगाड्यांचे गोलंदाज दुर्बिणीतून लक्ष्य टिपण्याचा अभ्यास करीत असतात. उसाच्या फडात शिरलेल्या बिबट्याला गुंगीचे औषध देण्यासाठी वन खात्याच्या पथकाला आजही बंदुकीवर डोळा लावावा लागतो, तोही अगदी जवळून. आणि छिद्राच्या योग्यतेबद्दल ज्याला अद्याप शंका असेल त्याने कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याचे स्मरण करावे: 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळविले, ते दुर्बिणीला मज्जाव असलेल्या स्पर्धेत, मागे छिद्र आणि पुढे कडे अशा साधनाने, आणि त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते.

जिल्ह्यातील जुन्या घराण्यांना एक विनंती आहे. आपल्या वाड्यांतील फडताळांत परवान्यांची जुनी पुस्तके, काडतुसांच्या नोंदी, पुण्या-मुंबईच्या बंदूकवाल्यांची किंमतपत्रके, निखळलेल्या माशा वा बुरशी धरलेली एखादी दुर्बीण पडून असेल, तर ती भंगारात घालू नये. बंदुकीसंबंधी कायद्याने जे करावयाचे ते पोलीस ठाण्यात करावे, आणि कागद व सुटी साधने नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाच्या स्वाधीन करावीत. ज्या पारधी कुटुंबांतील वृद्धांना जुन्या शिकारीच्या रीती ठाऊक आहेत, त्यांच्या तोंडून त्या लिहून घेण्याचे काम तर याच वर्षी हाती घ्यावे.