ध्वनिचालक, लिनक्स प्रणालीतील
ध्वनिचालक, लिनक्स प्रणालीतील : संगणकातील साउंड कार्ड व परिचालन प्रणाली यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ध्वनिचालक म्हणतात. गाणे क्षणभर उशिरा सुरू झाले, तरी बिघडत नाही. खेळात मात्र बंदूक झाडताच बार ऐकू यावा लागतो. त्यामुळे लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेतील उणिवा खेळांत विशेष जाणवल्या.

लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे १९९१ मध्ये लिनक्सचे कर्नेल प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी फिनलंडमधीलच हान्नू साव्होलाइनेन यांनी साउंड ब्लास्टर या कार्डासाठी चालक लिहिला. त्यातून ‘ओपन साउंड सिस्टिम’ (ओएसएस) ही व्यवस्था विकसित झाली. तिच्यात कार्ड एखाद्या फाइलीप्रमाणे उघडून तीत ध्वनीचे नमुने लिहिले की ते ऐकू येत. ही सुटसुटीत रचना फ्रीबीएसडी प्रणालीत अजूनही रूढ आहे. परंतु कार्डातच ध्वनिमिश्रणाची सोय नसेल, तर लिनक्सवर एका वेळी एकाच आज्ञावलीस ते वापरता येई. संगीत चालू असताना सुरू केलेला खेळ मुका राही.

१९९७ च्या डिसेंबरमध्ये जॉन कारमॅक यांनी ‘डूम’ या खेळाची उगमसंहिता खुली केली, ती लिनक्स आवृत्तीची. कारण मूळ डॉस आवृत्तीतील ध्वनिविषयक भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. ध्वनीत मागे पडलेल्या लिनक्सला ध्वनीमुळेच हा मान मिळाला, हे नवलच.

चेक आज्ञावलीकार यारोस्लाव्ह किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डासाठी केलेल्या कामातून ‘अल्सा’ ही नवी व्यवस्था १९९८ च्या सुमारास आकारास आली व कर्नेलच्या २.६ या आवृत्तीत (२००३) तिने ओएसएसची जागा घेतली. जुन्या आज्ञावलींसाठी तीत अनुकूलक स्तर ठेवलेला होता. पण ‘क्वेक ३’ (१९९९) हा खेळ चालकाच्या स्मृतिकोशात थेट लिहीत असल्याने त्या स्तरावर अडखळे. प्रशासकाच्या अधिकाराने एक ओळीची आज्ञा दिल्याशिवाय खेळाडूंना त्याचा आवाज मिळत नसे. हा खेळ लिनक्सवर प्रकाशित करणारी लोकी सॉफ्टवेअर ही संस्था २००२ मध्ये बंद पडली. तिच्याकडे काम केलेल्या सॅम लँटिंगा यांचा ‘एसडीएल’ हा संग्रह मात्र टिकला. चालकांतील भेद खेळापासून झाकून ठेवणारा हा संग्रह कोणत्याही एका चालकापेक्षा अधिक उपयोगी ठरला, असे म्हणता येईल.

पल्सऑडिओ (२००४) या ध्वनिसेवकाने अनेक आज्ञावलींचे आवाज एकत्र केले. फेडोरा ८ (२००७) व उबुंटू ८.०४ (२००८) या वितरणांत तो आला, तेव्हा आवाज तुटणे, उशिरा येणे अशा तक्रारी वाढल्या. दोष सेवकाचा की चालकांचा, हा वाद बराच गाजला. वस्तुतः तो दोन्हींकडे होता. विम टायमन्स यांच्या पाइपवायर या सेवकाने फेडोरा ३४ (२०२१) मध्ये त्याची जागा घेतली. स्टीम डेक (२०२२) या हातातील खेळयंत्रातही पाइपवायरच आहे. मात्र त्याच्याखाली चालक अल्साचेच आहेत.

उगमसंहिता कधीच खुली न झालेल्या, केवळ ओएसएससाठी रचलेल्या जुन्या खेळांना मात्र आवाजासाठी अजूनही मध्ये एखादी अनुवादक आज्ञावली घालावी लागते.