मेस्त्रींचा कॅमेरा

कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यात सुतारकाम, कोरीवकाम नि चित्रकला ही पिढीजात विद्या. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता आनंदराव नि बाबुराव या नात्यातल्या भावांचे 'पेंटर' हेच आडनाव झाले. पुढे चित्रपटाने वेड लावले, तेव्हा दोघांनी कॅमेराच घडवावयास घेतला! १९१६ साली आनंदराव वारले. बाबुरावांनी १९१८ साली तो पुरा केला, आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' लोकांपुढे आला.

आज आजोबांची नक्षी नातवंडे संगणकावर रेखाटतात, म्हणून घरची वडीलधारी हळहळतात. हत्यार बदलले म्हणून विद्या बुडत नाही. मात्र पेंटरांचा हात आधी घरच्या कामावर बसला होता, कॅमेरा मागाहून आला. नातवंडांनी हा क्रम तेवढा विसरू नये.