चंद्रावरील शशाचे मरण : ‘सेलर मून’च्या काळोख्या पुनर्कथनांचा इतिहास

लोकप्रिय वाङ्मयाच्या अभ्यासात मूळ कृतीला निदान ओसरीवर तरी जागा मिळते. परंतु तिच्या वाचकांनी तिच्याच आधारे रचलेल्या कथांना अडगळीच्या खोलीपलीकडे कोणी जाऊ देत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय अशाच अडगळीतला आहे. ‘सेलर मून’ या जपानी चित्रमालिकेची, म्हणजे ‘ॲनिमे’ची, तिच्या चाहत्यांनी पुनःपुन्हा नव्याने कथने केली. त्यांपैकी ज्या कथांत मूळच्या उजळ सृष्टीच्या जागी मृत्यू, पराभव आणि अपराधभावना आल्या, त्यांचा येथे विचार करावयाचा आहे. एका विद्यार्थिनीने हा विषय प्रथम सुचविला तेव्हा प्रस्तुत लेखकाने तो हसण्यावारी नेला होता, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

या कथांविषयी दोन समज रूढ आहेत. निष्पाप बालकथेला विटाळण्याचा हा रिकामटेकड्या प्रौढांचा उद्योग होय, हा एक. जादूच्या कन्यांच्या कथेला गंभीर वळण २०११ साली ‘मादोका माजिका’ या मालिकेने दिले, तोवर तो सारा साखरपाकच होता, हा दुसरा. कालानुक्रम नीट मांडून पाहिला असता या दोहोंपैकी एकही समज टिकत नाही, असे आमचे मत आहे.

या कथाप्रकाराला जपानी भाषेत ‘माहो शोजो’ म्हणतात. ‘शोजो’ म्हणजे अल्पवयीन मुलगी. ‘माहो’ म्हणजे जादू. ‘माहो’तील ‘मा’ या ध्वनीसाठी जे अक्षर लिहितात, ते चिनी भाषांतरकारांनी बौद्ध ग्रंथांतील ‘मार’ या नावासाठी घडविले. बोधिवृक्षाखाली गौतमाची वाट अडविणारा तो हा मार. दुसरे अक्षर ‘हो’ म्हणजे रीत किंवा नियम. बौद्ध ग्रंथांत ‘धर्म’ या शब्दासाठी हेच अक्षर योजलेले आहे. व्युत्पत्तीवरून अर्थ काढण्याचा मोह आम्हां भाषाभ्यासकांना नेहमीच नडतो आणि सामान्य जपानी बालिकेला या शब्दात मार दिसत नाही, हे उघड आहे. तरीही हे अक्षर पुढे एका कथेत कामाला आले. त्याचा उल्लेख यथास्थळी येईल.

प्रकाराचा उगम थोडक्यात असा : फुजिओ आकात्सुका यांची ‘हिमित्सु नो आक्कोचान’ ही चित्रकथा १९६२ पासून ‘रिबोन’ या मुलींच्या मासिकात आली, मित्सुतेरु योकोयामा यांची ‘माहोत्सुकाई सॅली’ त्याच मासिकात १९६६ साली अवतरली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तोएई संस्थेने तिची दूरचित्रवाणी मालिका सुरू केली. ‘बिविच्ड’ या अमेरिकी मालिकेचा संस्कार सॅलीवर होता, हे सर्वमान्य आहे. या आरंभीच्या कथा घरगुती आणि खेळकर होत्या खऱ्या. पण १९८३ मध्ये ‘मिंकी मोमो’ मालिकेच्या ४६ व्या भागात नायिका ट्रकच्या अपघातात मरण पावते. तिची जादू तत्पूर्वीच संपलेली असते. पुढे ती मर्त्य मनुष्याचे बालक म्हणून जन्मते, ही गोष्ट निराळी. परंतु बालप्रेक्षकांसमोर हे घडले, तेव्हा ‘मादोका’ला अद्याप अठ्ठावीस वर्षे अवकाश होता.

नाओको ताकेउची यांची ‘सेलर मून’ ही चित्रकथा १९९१ च्या अखेरीस ‘नाकायोशी’ मासिकातून प्रसिद्ध होऊ लागली. मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९७ या काळात तिच्या चित्रमालिकेचे २०० भाग झाले. नायिका चौदा वर्षांची, अभ्यासात ढ, रडवी आणि खादाड. तिचे नाव त्सुकिनो उसागी. ‘त्सुकि’ म्हणजे चंद्र, ‘उसागी’ म्हणजे ससा, आणि मधला ‘नो’ हा आपल्या ‘चा-ची-चे’सारखा षष्ठीचा प्रत्यय. आडनाव आधी घेण्याच्या जपानी रीतीप्रमाणे हे नाव उच्चारले की ‘चंद्राचा ससा’ असे पदच तयार होते.

शशांक, शशधर हे शब्द ज्यांच्या कानांवरून गेले आहेत, त्यांना हा ससा परका वाटू नये. पाली शशजातकात अतिथीला देण्यासाठी गवताखेरीज काहीच जवळ नसलेला ससा स्वतःच अग्नीत उडी घेतो. तो अग्नी शक्राने निर्मिलेला असल्यामुळे सशाचा केसही जळत नाही, आणि शक्र त्याची आकृती चंद्रबिंबावर रेखाटतो. ही कथा जपानात पोहोचली. बाराव्या शतकातील ‘कोंजाकु मोनोगातारी’ या प्रचंड कथासंग्रहात ती आढळते. मात्र तेथील अग्नी खरा आहे. ससा त्यात जळून मरतो, आणि त्यानंतर त्याची मूर्ती चंद्रावर स्थापिली जाते. म्हणजे पुनर्कथनात कथा अधिक काळवंडण्याचे उदाहरण याच सशाच्या बाबतीत आठशेहून अधिक वर्षांपूर्वी घडून गेले आहे. चाहत्यांच्या कथांचा तिच्याशी वंशसंबंध जोडण्याचा मुळीच हेतू नाही. ज्यात काही जळत नाही अशा आत्मबलिदानाविषयी श्रोत्याचे समाधान होत नाही, एवढीच नोंद येथे करावयाची आहे.

आता मूळ मालिकेकडे वळू. फेब्रुवारी १९९३ मध्ये पहिल्या पर्वाचे ४५ व ४६ हे भाग प्रक्षेपित झाले. उत्तर ध्रुवावरील युद्धात नायिकेच्या चारही सख्या, प्रथम ज्युपिटर, मग मर्क्युरी, व्हीनस आणि शेवटी मार्स, एकेक करून मरतात. पुढल्या भागात प्रियकर मामोरू मरतो आणि अखेर शत्रूचा नाश करताना उसागीचेही प्राण जातात. सारे काही साधे, पूर्ववत व्हावे ही तिची अंतिम इच्छा फळते. सर्वजण पुन्हा जागे होतात ते परस्परांची ओळख विसरून. या शेवटाने जपानातील लहान प्रेक्षक हादरून गेले होते.

हीच मालिका १९९५ साली कॅनडा व अमेरिका येथे इंग्रजीत आली तेव्हा ‘डिक’ या कंपनीने पहिल्या पर्वाच्या ४६ भागांचे ४० केले. काही भाग गाळले गेले. शेवटचे दोन कापून त्यांचा एकच भाग बनविला गेला, आणि मेलेल्या सख्या मेल्या नसून शत्रूच्या कैदेत आहेत, असे सांगण्यात आले. उसागीची ‘सेरेना’ झाली; चंद्र राहिला, ससा गेला. झोईसाइट या पुरुष पात्राला स्त्री करण्यात आले, आणि पुढे २००० साली दुसऱ्या कंपनीच्या भाषांतरात हारुका व मिचिरू या प्रेमिकांना चुलत बहिणी ठरविण्यात आले. बालकांच्या हिताचा युक्तिवाद यामागे होता. तो सर्वस्वी लबाडीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु मूळ जपानी ध्वनिचित्रफिती चाहत्यांच्या हातांत होत्याच, आणि उपशीर्षके लावून त्या एकमेकांना पाठविल्या जात होत्या. त्यामुळे इंग्रजी भाषिक प्रेक्षकांपुढे एकाच कथेचे दोन पाठ एकाच वेळी उभे राहिले. कोणी कोणता पाठ प्रमाण मानला आहे, हे पात्रांच्या नावांवरूनच कळे : ‘सेरेना’ आणि ‘स्काउट’ लिहिणारा एका बाजूचा, ‘उसागी’ आणि ‘सेन्शी’ (योद्धा) लिहिणारा दुसऱ्या बाजूचा. इंग्रजी गद्यात जपानी शब्द पेरण्याची ही सवय हास्यास्पद वाटते, आणि पुष्कळदा ती तशी असतेही. तरीपण पाठनिष्ठेची खूण म्हणून तिचे महत्त्व नाकारता येत नाही.

काळोखी पुनर्कथने या फटीतून उगवली, असे आमचे प्रतिपादन आहे. ध्रुवावरील मृत्यू ज्यांना नाकारले गेले, त्यांनी ते स्वतः लिहिले. आणि एकदा लिहिल्यावर मालिकेने टाळलेला प्रश्न त्यांच्यापुढे आला : मेलेल्या मैत्रिणी परत आल्या, पण ज्या मुलीने त्यांना मरताना पाहिले, तिला ते पुढे आठवू लागले तर? मूळ कथेत स्मृती परत येते, पण तिचे ओझे कुणी वाहताना दिसत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा असते, आणि केकही. चाहत्यांच्या कथेत हे ओझे केंद्रस्थानी येते. उसागीला झोप लागत नाही. रेई तिच्याशी बोलत नाही. आपल्या मुलीच्या अंगावरील जखमा कशाच्या, हे आईला कळत नाही. उत्तम कथांत युद्ध जवळजवळ नसतेच, असतो तो युद्धानंतरचा मंगळवार.

दुसरा सुपीक प्रदेश म्हणजे ‘क्रिस्टल टोकियो’. १९९३–९४ च्या पर्वात असे भविष्य दाखविले आहे की, तिसाव्या शतकात उसागी राणी होऊन स्फटिकनगरीतून सर्व पृथ्वीवर राज्य करील, आणि तिच्या शक्तीने मानवजात शुद्ध होईल. ज्यांनी हे शुद्धीकरण नाकारले, ते नेमेसिस नामक दूरच्या ग्रहावर आहेत आणि तेच त्या पर्वातले खलपुरुष आहेत. मूळ कथा हे सारे मंगलमय म्हणून सांगते. विसाव्या शतकाचा इतिहास वाचलेल्या माणसाच्या कानांना मात्र ‘शुद्धीकरण’ आणि ‘हद्दपारी’ हे शब्द शेजारी शेजारी ऐकवत नाहीत. म्हणून चाहत्यांनी विचारले : शुद्ध होण्यास नकार देण्याचा अधिकार कोणाला होता? हजार वर्षे तीच राणी, तेच मंत्रिमंडळ, आणि प्रश्न विचारणारा प्रत्येकजण शत्रू, अशा राज्याला काय म्हणतात? या कथांत राणी दुष्ट नसते. ती दयाळूच असते, आणि तेच भयंकर असते. मालिकेवर याहून अधिक गंभीर टीका कोणा व्यावसायिक समीक्षकाने केल्याचे आमच्या वाचनात नाही.

जपानातील परंपरा काहीशी निराळी आहे. तेथे या निर्मितीला ‘निजि सोसाकु’, म्हणजे द्वितीय निर्मिती, म्हणतात. तिचे मुख्य वाहन ‘दोजिन्शी’, म्हणजे समानधर्म्यांनी स्वतः छापलेली पुस्तिका. त्यांची टोकियोतील बाजारपेठ ‘कोमिके’ २१ डिसेंबर १९७५ रोजी ३२ मंडळे आणि सुमारे ७०० लोक यांच्यानिशी सुरू झाली. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘सेलर मून’ने तिला व्यापून टाकले होते. परंतु तेथे शेवट कापलेला नव्हता, म्हणून तो परत मिळविण्याची निकडही नव्हती. शृंगार आणि विनोद यांचेच प्राबल्य दिसते.

येथवर या कथांची बाजू मांडली. आता दोषांकडे डोळेझाक करून चालणार नाही. ‘डार्कफिक’ या नावाखाली जे लिहिले गेले त्यातील फार मोठा भाग वाचवत नाही. चौदा वर्षांच्या मुलीवर अत्याचार घडवून आणणे ही गांभीर्याची स्वस्त युक्ती ठरली. ज्या कथांत यातनेचे वर्णन दहा पाने आणि तिच्या परिणामांचे एक वाक्य असते, त्यांना शोकांतिका म्हणता येत नाही. पहिल्या समजाला आधार मिळतो तो याच कथांतून. पुढे चाहत्यांनी स्वतःच इशाऱ्यांची एक परिभाषा घडविली. २००९ मध्ये खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहात लेखकाला प्रमुख पात्राचा मृत्यू, उघड हिंसा इत्यादी सूचना कथेच्या शिरोभागी द्याव्या लागतात, किंवा आपण सूचना देत नाही असे तरी सांगावे लागते. कथा उघडण्यापूर्वीच तिच्यातील मरण जाहीर करणारे वाङ्मय विरळाच.

या शतकाच्या आरंभी ‘सेलर नथिंग’ ही इंग्रजी कथा निघाली. ती नव्या पात्रांची, म्हणून पुनर्कथन नव्हे. पण तिच्या नावातच तिचे गोत्र आहे. तिच्या नायिकेचे नाव हिमेई, जपानी भाषेत ‘किंकाळी’. म्हणजे चाहत्यांच्या लेखनातून काळोखी जादूकन्या ‘मादोका’पूर्वी सुमारे दहा वर्षे स्वतंत्र झाली होती. मूळ मालकांनाही हे वळण अपरिचित राहिले नाही : २००३–०४ च्या ‘सेलर मून’च्या नाट्यमालिकेत सेलर मर्क्युरी शत्रुपक्षाला मिळते आणि अखेरीस जगाचा नाश खुद्द नायिकेच्या हातून होतो.

‘मादोका माजिका’ (लेखक गेन उरोबुची, दिग्दर्शक आकियुकी शिंबो, जानेवारी ते एप्रिल २०११, १२ भाग) ही या वाटेवर उशिरा आलेली, पण सर्वांत नेमकी कृती होय. तिची सारी कथावस्तू एका शब्दावर उभी आहे. ‘माहो शोजो’ हा शब्द चार अक्षरांनी लिहितात. त्यातील पहिले, म्हणजे माराचे ‘मा’, आणि शेवटचे, स्त्रीवाचक अक्षर ठेवून मधली दोन गाळली की ‘माजो’, म्हणजे चेटकीण, हा शब्द उरतो. कथेतही तेच घडते : प्रत्येक जादूकन्या निराश होऊन अखेर चेटकीण बनते. लेखकाने भाषेत आधीच दडलेला सिद्धान्त केवळ वाचून दाखविला.

आणि येथे प्रवाह उलटला. मूळच काळोखे असल्यावर चाहत्यांनी काय लिहावे? त्यांनी पाचही मुली जिवंत ठेवून त्यांना चहाला बसविले. वाल्मीकीच्या उत्तरकांडात धरणीच्या पोटी गेलेल्या सीतेला भवभूतीने रामाकडे परत आणले, त्याच जातीची ही इच्छा. २०१३ चा ‘रिबेलियन’ हा चित्रपट अशाच चित्राने सुरू होतो : पाचही मैत्रिणी एकत्र आहेत, हसत लढत आहेत, कोणी मेलेले नाही. काही वेळाने होमुराच्या लक्षात येते की हे जग कोणीतरी रचलेले आहे. आणि शोध घेता घेता ते रचणारी आपणच आहोत, हेही तिला कळते.