व्यसनोपचारातील आघात-चाळणी

व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यक्तीला आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) असण्याची शक्यता आहे का, हे ठरावीक प्रश्नांनी पडताळण्याची पद्धत. जिवावरचा अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू अशा घटनेनंतर महिना उलटला तरी नकोशा आठवणी येत राहणे, दुःस्वप्ने पडणे, त्या जागा टाळणे, सतत सावध राहणे ही या विकाराची लक्षणे. अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात त्याला १९८० मध्ये स्थान मिळाले. असह्य मनःस्थितीवर उतारा म्हणून अनेक जण नशेकडे वळतात, हे मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खांत्झियन यांनी १९८५ मध्ये मांडले. ‘आधी दारू सोड, बाकीचे मग बघू’ हा जुना खाक्या त्यामुळे पुरेसा ठरत नाही.

सर्वांत सुटसुटीत साधन म्हणजे ‘पीसी-पीटीएसडी-५’. आघाताची घटना घडली होती का, हे आधी विचारतात; होकार मिळाल्यास गेल्या महिन्याबद्दल हो-नाही स्वरूपाचे पाच प्रश्न. तीन किंवा चार होकार आले की पुढची तपासणी करावी, असा संकेत आहे. ‘पीसीएल-५’ या वीस कलमी प्रश्नावलीत ८० पैकी ३१ ते ३३ गुण ही सीमा धरतात. निदान मात्र मुलाखतीनेच होते. प्रश्नावलीच्या गुणांवरून कुणाच्या केसपेपरवर विकाराचे नाव लिहिणे गैर.

व्यसनोपचारात खरी अडचण वेळेची आहे. दारू थांबल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत विड्रॉवल (नशा थांबल्याने शरीराला होणारा त्रास) जोरात असतो; थरथर, घाम, निद्रानाश, दचकणे, भयस्वप्ने. यांतली निम्मी लक्षणे पीटीएसडीचीही आहेत. तेव्हा भरलेली प्रश्नावली फसवी ठरू शकते. म्हणून दाखल करताना सुरक्षिततेपुरती विचारपूस करावी आणि शरीर स्थिरावल्यावर चाळणी पुन्हा लावावी. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची ओळख असलेला ३५ दिवसांचा निवास अशा दुसऱ्या फेरीला सोयीचा आहे. आठवड्याभरात घरी जाणाऱ्या रुग्णाबाबत ही फेरी फॉलोअपमध्येच घ्यावी लागते, आणि तिथे ती हमखास राहून जाते.

चाळणीच्या पहिल्या प्रश्नात विचारलेली आघाताची ‘घटना’ कोणती असू शकते, हे पनवेल परिसरात ठरवायला फार लांब जावे लागत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो. न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर याच भागातून जातात. शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. मात्र प्रश्न साध्या शब्दांत हवा. ट्रकचालकाला ‘तुम्हाला मानसिक आघात झाला आहे का?’ असे विचारले तर तो नकारार्थी मान हलवून मोकळा होईल. ‘रस्त्यावर असं काही पाहिलंत का, जे अजून झोपेत दिसतं?’ हा प्रश्न त्याला कळतो. तपशील खोदून काढू नयेत. चाळणीला त्यांची गरज नसते. स्त्रियांना नवरा, सासू किंवा आणून सोडणारा भाऊ यांच्यासमोर हे प्रश्न कधीही विचारू नयेत, कारण आघात करणारा त्यांच्यातलाच असू शकतो. माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिलेला आहे.

होकार आल्यावर पुढे पाठवायला जागा नसेल, तर चाळणी ही नुसती कागदाची भर. पुढच्या उपचारांपैकी लिसा नजाविट्स यांची ‘सीकिंग सेफ्टी’ ही पद्धत सध्याची सुरक्षितता आणि नशेवरचा ताबा यांवर एकाच वेळी काम करते, आघाताची कहाणी सविस्तर सांगायला लावत नाही. तर ‘कोप’ पद्धतीत प्रशिक्षित उपचारक रुग्णाला टप्प्याटप्प्याने त्या आठवणींना सामोरे नेतो. पनवेलकरांना जवळचे मनोविकार विभाग कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात आणि ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात आहेत. फोनवरून सल्ल्यासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६.