शर्यतीचे मैदान आणि वाहतुकीचा रस्ता : कोल्हापुरातील वेगाच्या परंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेची ओळख तालमी, फुटबॉल आणि सार्वजनिक चळवळी यांनी घडविली आहे. याच पेठेत आणखी एक वर्ग राहतो. मात्र स्थानिक इतिहासात त्याची नोंद सहसा होत नाही. हा वर्ग म्हणजे रोज सकाळी सांगली, कराड, इचलकरंजी किंवा गडहिंग्लजच्या दिशेने निघणारा आणि सायंकाळी परतणारा, बोलीभाषेत ‘अप-डाऊन करणारा’ नोकरदार होय. त्यात प्राध्यापकांची संख्याही लक्षणीय आहे. मोटार शर्यतीचे आकर्षण आणि रस्त्यावरील मृत्यूची भीती या दोन्ही भावना या वर्गाच्या मनात एकाच वेळी नांदत असतात.

शर्यत आणि रस्ता सुरक्षा या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. शर्यतीच्या क्षेत्राने प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर आपले नियम बदलले. सार्वजनिक रस्त्याने मात्र मृत्यूला दैवाधीन मानले. हा फरक कोल्हापूरच्या संदर्भात स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्पर्धेसाठी मैदान : कोल्हापूरची परंपरा

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१२ साली खासबाग कुस्ती मैदान उभे राहिले. मध्यभागी आखाडा आणि सभोवती चढत जाणारी प्रेक्षकांची बैठक, अशी त्याची रचना आहे. या रचनेतून एक सामाजिक विचार व्यक्त होतो. झुंज कितीही तीव्र असली तरी तिला जागा, वेळ, पंच आणि मर्यादा असली पाहिजे, हा तो विचार होय.

बैलगाडी शर्यतींचा अलीकडचा इतिहासही याच दिशेने जातो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राची दुरुस्ती वैध ठरविली. ग्रामीण समाजाने हा लढा शर्यत टिकविण्यासाठी दिला. परंतु तो जिंकताना शर्यतीवरील नियमही त्याला स्वीकारावे लागले.

मोटार शर्यत : रस्त्यावरून मैदानाकडे

मोटार शर्यतीचा जन्म सार्वजनिक रस्त्यावर झाला. मे १९०३ मधील पॅरिस-माद्रिद शर्यतीत मार्सेल रेनॉ याच्यासह अनेक स्पर्धक व प्रेक्षक मृत्युमुखी पडले आणि ती शर्यत बोर्डो येथेच थांबविण्यात आली. १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स हा खास शर्यतीसाठी बांधलेला मार्ग सुरू झाला. १९५५ मध्ये फ्रान्समधील ल मां येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदी घातली. १९५७ मध्ये इटलीतील मिल्ले मिलिया या शर्यतीत प्रेक्षकांचा, त्यातही लहान मुलांचा बळी गेल्यावर खुल्या रस्त्यावरील ती वेगाची शर्यत कायमची संपली.

पुढे मे १९९४ मध्ये इमोला येथे आयर्टन सेना याचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्याच दिवशी रोलांड रात्झेनबर्गर याचा अंत झाला होता. त्यानंतर मोटारींची रचना, मार्गांची वळणे व संरक्षक भिंती यांचा फेरविचार झाला. मान व डोके सावरणारे उपकरण फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून, तर चालकाच्या डोक्याभोवतीचे ‘हेलो’ हे धातूचे कडे २०१८ पासून सक्तीचे झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये बहरीन येथे मोटारीचे दोन तुकडे होऊन ती पेटली, तरी रोमँ ग्रोजाँ तीतून जिवंत बाहेर पडला. यामागे अनेक वर्षांच्या नियमांची पुण्याई होती.

याच इतिहासातील एक तपशील विशेष बोलका आहे. मोटारींची चाके बदलण्यासाठी माणसे जेथे पायी उभी असतात, त्या पट्ट्यात १९९४ च्या दुर्घटनांनंतर वेगमर्यादा लागू झाली. ती सामान्यतः ताशी ८० किलोमीटर इतकी असते. म्हणजे जगातील अतिवेगवान चालकालाही, माणूस पायी दिसताच वेग आवरावा लागतो.

कोल्हापूरही या खेळापासून दूर राहिलेले नाही. मोहिते रेसिंग अकादमीच्या कार्टिंग मार्गावर राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिक यांनी २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेत भाग घेतला. शिरस्त्राण, पट्टा आणि पंचाचा झेंडा या तिन्ही गोष्टी मान्य केल्याखेरीज अशा मार्गावर कोणालाही उतरता येत नाही, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते.

रस्ता वेगवान झाला, संस्कार मागे राहिला

कोल्हापूर १८९१ साली लोहमार्गाने मिरजेशी जोडले गेले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि पुढील काळात एस.टी. खेड्यापाड्यांत पोहोचली. या टप्प्यापर्यंत दूरचा प्रवासी हा मुख्यतः ‘प्रवासी’ होता. वाहन चालविणारा प्रशिक्षित नोकर होता. दुचाकी आणि मोटारी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावर प्रवासी स्वतःच चालक बनला. पुणे-बंगळूर महामार्ग सुवर्ण चतुष्कोण योजनेतून चौपदरी झाला. अंतर तेवढेच राहिले, वेळ कमी झाला आणि दूरच्या गावी नोकरी करून पेठेतच राहणे शक्य झाले.

परंतु वेगाचे गणित बदलत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेले, तर तेवढ्यात ३३ मीटर अंतर कापले जाते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. रोजच्या रस्त्याची ओळख चालकाला सावध करण्याऐवजी बहुधा निर्धास्त करते. त्यात दिवसभराच्या कामाचा थकवा मिसळला की, परतीचा प्रवास अधिक धोक्याचा ठरतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मरण पावली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. मृतांत दुचाकीस्वारांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अशी त्याची शिक्षा वाढविली. मात्र ‘आज किती वेळात पोहोचलो’ हे अभिमानाने सांगणाऱ्या सुशिक्षित माणसाची स्वतःशीच चाललेली शर्यत कोणत्याही कलमात बसत नाही.

शिवाजी पूल : एक बोलके उदाहरण

पंचगंगेवरील शिवाजी पूल हा एकोणिसाव्या शतकातील दगडी कमानींचा पूल होय. बैलगाड्यांच्या काळातील या पुलावर पुढे रत्नागिरी मार्गावरील वाहतुकीचा सारा भार पडला. पर्यायी पुलाचे काम सुरू झाले. परंतु नजीकच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या पुरातत्त्वीय संरक्षणामुळे व २०१० च्या सुधारित कायद्यातील बांधकामबंदीमुळे ते रखडले. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी एक मिनीबस कठडा तोडून नदीत कोसळली. तीत १३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर हालचालींना वेग आला आणि २०१९ मध्ये नवा पूल वाहतुकीस खुला झाला.

या घटनेत चालक, वाहन, कठडा, जुना पूल आणि कायद्याची गुंतागुंत असे अनेक धागे आहेत. शर्यतीच्या क्षेत्रात अशा प्रत्येक धाग्याची तपासणी होऊन तिचे नियमांत रूपांतर होते. येथे नवा पूल मिळाला, हे खरे. तथापि त्यासाठी १३ माणसांचे प्राण जावे लागले, हे विसरता येत नाही.

नागरी चळवळ आणि सुरक्षेचा प्रश्न

कोल्हापूरच्या नागरिकांना रस्त्याचा प्रश्न हाताळता येत नाही, असे म्हणण्यास आधार नाही. शहरातील रस्ते प्रकल्पाच्या टोलविरोधात प्रा. एन. डी. पाटील व कॉ. गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय आंदोलन झाले आणि डिसेंबर २०१५ मध्ये शासनाला टोल रद्द करावा लागला. रस्त्याची किंमत कोणी द्यावी, यावर शहराने इतकी दीर्घ झुंज दिली. रस्त्यावर जाणाऱ्या जिवांची किंमत कोण देतो, यावर मात्र तशी झुंज दिसत नाही.

असे प्रयत्न फलदायी होऊ शकतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्या वर्षी शासकीय यंत्रणा व सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी प्रत्येक अपघाताची शास्त्रीय तपासणी, धोकादायक जागांची दुरुस्ती, वेगावर लक्ष आणि तातडीची वैद्यकीय मदत यांवर भर देणारा उपक्रम हाती घेतला. पुढील चार वर्षांत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. शर्यतीच्या मैदानावरील पद्धत रस्त्यावरही लागू पडते, हे यातून सिद्ध होते.

निष्कर्ष :

१. मोटार शर्यतीचा इतिहास हा वेगाला सार्वजनिक रस्त्यापासून वेगळे करण्याचा इतिहास आहे. शर्यतीची आवड आणि सुरक्षित वाहनचालन यांत मूलतः विरोध नाही.

२. कोल्हापूरच्या परंपरेत स्पर्धेला मैदान व पंच देण्याचा विवेक खासबागेपासून दिसतो. रस्त्याच्या बाबतीत हा विवेक अद्याप पुरेसा रुजलेला नाही.

३. अपघाताला दैव न मानता त्याची कारणमीमांसा करणे आणि तिच्यानुसार रस्ता, वाहन व सवय यांत बदल घडविणे, हा खरा उपाय होय.

४. रोज महामार्गावरून ये-जा करणारा अध्यापकवर्ग या प्रश्नाचा केवळ अभ्यासक नाही, तर त्याचा संभाव्य बळीही आहे. महाविद्यालयाच्या आवारात दुचाकीवर येणारा विद्यार्थी आपल्या शिक्षकाच्या डोक्यावर हेल्मेट आहे की नाही, हे व्याख्यानापूर्वीच पाहत असतो. म्हणून या बदलाचा आरंभ त्याच्यापासूनच होणे क्रमप्राप्त आहे.