लिंडबर्ग-प्रकरण आणि हौशी न्यायाधीश

१ मार्च १९३२ च्या रात्रीं अमेरिकेंत, न्यू जर्सी संस्थानांतील होपवेल येथून विमानवीर लिंडबर्ग यांचें वीस महिन्यांचें मूल बिछान्यांतून नाहींसें झालें. मागें उरली एक मोडकी शिडी आणि खंडणीची चिठ्ठी. पन्नास हजार डॉलर मोजूनहि मे महिन्यांत प्रेतच हातीं आलें. १९३६ सालीं ब्रूनो हाउप्टमान यास देहांत शासन झालें.

हौशी संशोधकांना तेव्हांपासून हें कुरणच मिळालें आहे. कोणी नोकरांवर, कोणी गुंडांच्या टोळीवर बोट ठेवितो. 'तें मूल मीच' म्हणणारेहि निघाले. १९९३ सालीं तर एका ग्रंथानें खुद्द पित्यालाच आरोपी केलें! कारण काय, तर गृहस्थ थट्टेखोर होता. या उडीपुढें आम्ही थक्क झालों. शिडीची एक फळी हाउप्टमानच्या माळ्यावरील फळीशीं, खिळ्यांच्या छिद्रांसकट, जुळते असें लाकूडतज्ज्ञ कोएलर यांनीं दाखविलें. खंडणींतील चौदा हजारांहून अधिक डॉलर त्याच्याच गराजमध्यें सांपडले. या दोन गोष्टींपाशीं हे पंडित क्वचितच थांबतात.

मात्र तो एकटाच होता काय, ही शंका आम्हांस रास्त वाटते. अंधारांत ऐकलेल्या दोन शब्दांवरून अडीच वर्षांनंतर आवाज ओळखल्याची पित्याची साक्ष आम्हांला कधींच पटली नाहीं. हाउप्टमाननें अखेरपर्यंत गुन्हा नाकारला, आणि त्याची विधवा १९९४ सालीं वारली तोंवर त्याच्या निर्दोषत्वासाठीं झगडली. तिच्या निष्ठेबद्दल आम्हांस आदर आहे; पण त्या फळीचें उत्तर तिच्यापाशींहि नव्हतें.