समुद्रसपाटी आणि वाटून टाकलेली चूक

कळसूबाईची उंची समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे, हे स्पर्धा परीक्षांच्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडते. एव्हरेस्टची उंची त्याच पुस्तकात सापडते आणि रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली लिहिलेली उंचीही त्याच मापाने मोजलेली असते. या सर्व आकड्यांत 'समुद्रसपाटी' हा शब्द इतक्या सहजपणे येतो, की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. विचारलाच, तर 'भरती-ओहोटीची सरासरी पातळी' असे एका ओळीचे उत्तर मिळते. परीक्षेपुरते ते पुरेसेही असते.

पण थोडा विचार केला, की या एका ओळीतून तीन प्रश्न निघतात. समुद्र कोणता? पातळी कोणत्या काळातली? आणि किनाऱ्यावर ठरवलेली ही पातळी शेकडो किलोमीटर आत, सह्याद्रीच्या किंवा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली कशी? भारतापुरती या प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास शंभर-दोनशे वर्षांचा एक इतिहास उलगडतो. प्राकृतिक भूगोलातल्या दोन मूलभूत संकल्पनांच्या मुळाशी हिशेबात न बसलेल्या दोन लहानशा 'चुका' आहेत, हे या इतिहासातून दिसते. त्या चुका ज्यांनी प्रथम पाहिल्या, त्यांनी त्या मोजमापात वाटून टाकल्या. त्या चुका नव्हत्याच, हे नंतर ध्यानात आले.

पहिली चूक समुद्राच्या नव्हे, तर ओळंब्याच्या संदर्भातली आहे. १८०२ साली विल्यम लॅम्टन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. जमिनीवर एक रेषा अतिशय काळजीपूर्वक मोजायची, तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे आणि त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या. मग त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचत जायचे, अशी ही पद्धत. असे त्रिकोण रचत हे पथक दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेले. लॅम्टनचा मृत्यू १८२३ साली या कामावर असतानाच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला आणि त्याची कबर तेथेच आहे. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने ही रेखावृत्तीय साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. थिओडोलाइटसारखी अवजड यंत्रे खांद्यांवर वाहून नेणारे आणि तापाने रानोमाळ मरणारे खलाशी या इतिहासात बहुधा निनावीच राहिले.

या साखळीवर मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील मुझफ्फरनगरजवळचे कालियाना अशी दोन ठाणी होती. दोहोंमधले अंतर सुमारे ६०० किलोमीटर. त्यांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढण्यात आला : एकदा त्रिकोणांच्या साखळीवरून आणि एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांच्यात ५.२३६ सेकंदांचा फरक आला. जमिनीवरच्या अंतरात सांगायचे, तर ६०० किलोमीटरांमागे सुमारे १६० मीटर. एव्हरेस्टने ही मोजमापात साचत गेलेली चूक मानली आणि ती साखळीत वाटून टाकली. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हते. कोणत्याही मोठ्या मोजणीत अशी तूट राहतेच आणि ती वाटून टाकण्याचे गणिती नियमही असतात.

कलकत्त्यात धर्मोपदेशक असलेले जॉन प्रॅट हे केंब्रिजचे गणिती होते. त्यांनी वेगळी शंका घेतली. ताऱ्यांचे वेध घेताना 'खाली' म्हणजे कोणती दिशा, हे ओळंबा ठरवतो. कालियाना हिमालयाला जवळ असल्यामुळे तेथील ओळंबा पर्वताच्या गुरुत्वाकर्षणाने उत्तरेकडे किंचित ओढला जात असला पाहिजे. हिमालयाचे वस्तुमान अंदाजून प्रॅट यांनी हा परिणाम गणिताने काढला आणि उत्तर आले १५.८८५ सेकंद! फरकाचे कारण सापडले, पण ते गरजेपेक्षा तिपटीने मोठे निघाले. कोडे आता उलटे झाले. एवढा प्रचंड पर्वत ओळंब्याला इतके कमी का ओढतो?

१८५५ साली इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी याचे उत्तर सुचवले. भूकवच हे आपल्याखालच्या अधिक घन थरावर तरंगते आहे, पाण्यावर लाकडाचे ओंडके तरंगावेत तसे. जो ओंडका पाण्याबाहेर अधिक दिसतो, तो पाण्याखालीही अधिक बुडालेला असतो. त्याचप्रमाणे उंच पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असते आणि तेथे जड द्रव्याची जागा हलक्या द्रव्याने घेतल्यामुळे पर्वताचे एकूण आकर्षण घटते. प्रॅट यांनी १८५९ साली वेगळी मांडणी केली : पर्वतांना मुळे नसून त्यांचा खडकच कमी घनतेचा असतो आणि म्हणून तो वर आलेला असतो. एअरींचा सिद्धांत आणि प्रॅटचा सिद्धांत यांतील फरक आजही विद्यार्थी तक्ता करून पाठ करतात. या संकल्पनेला 'आयसोस्टसी' हे नाव अमेरिकी भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी १८८०च्या दशकात दिले. मराठीत आपण तिला भूसंतुलन म्हणतो. तिचा जन्म कालियानाच्या ओळंब्यातून झाला, हे मात्र त्या तक्त्यात बहुधा नसते.

दुसरी चूक समुद्राची. त्रिकोणमितीने दूरच्या शिखराची उंची काढता येते, पण प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे त्यात काही फुटांची अनिश्चितता राहते. कालव्यांसाठी, रेल्वेसाठी, पूरनियंत्रणासाठी एवढी सैल मोजणी चालत नाही. तेथे पाणसळीवर आधारलेली दुर्बीण दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवून एकेक टप्प्याने उंचीतला फरक मोजत पुढे जावे लागते. भारतात या प्रकारचे काटेकोर मापन १८५८ साली सुरू झाले आणि त्याचे पहिले जाळे १९०९पर्यंत पूर्ण झाले. अर्धे शतक माणसे पट्ट्या रोवत देशभर चालत होती.

या जाळ्याला शून्य हवे होते. समुद्राची पातळी दर घडीला बदलते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरांच्या पुढे जातो, तर भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. शिवाय चंद्राच्या कक्षेचे एक आवर्तन १८.६ वर्षांचे असल्यामुळे नीट सरासरीसाठी वर्षानुवर्षे नोंदी ठेवाव्या लागतात. त्यासाठी किनाऱ्यांवर भरतीमापक यंत्रे बसवण्यात आली. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८पासून आहेत आणि हिंदी महासागरातील सर्वांत दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. अशा नऊ ठिकाणांची सरासरी पातळी शून्य धरण्यात आली : कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील फॉल्स पॉइंट.

अडचण येथेच होती. जमिनीवरून पाणसळीने मोजत पश्चिम किनाऱ्याहून पूर्व किनाऱ्यावर गेले, की दोन्हीकडची शून्ये जुळत नसत. विशाखापट्टणमची सरासरी पातळी मुंबईच्या पातळीपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर वर निघत असे. याचे दोन अर्थ संभवत होते. एक तर हजारो टप्प्यांच्या मोजणीत फूटभर चूक साचली असावी, किंवा बंगालच्या उपसागराची पातळी अरबी समुद्रापेक्षा खरोखरच उंच असावी. १९०९च्या जुळणीत नऊही ठिकाणी समुद्र शून्यावरच आहे असे धरले गेले. तसे धरले, की उरलेला फरक जमिनीवरच्या जाळ्यात वाटून टाकण्याखेरीज मार्ग उरत नाही. समुद्रसपाटी सपाट असते, हे गृहीतक त्या जाळ्यातच विणले गेले आणि पुढे देशभरच्या उंचीचे आकडे या जुळणीवर उभे राहिले.

तीस सेंटिमीटरांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. युरोपातले एक उदाहरण येथे बोलके आहे. जर्मनी आपली उंची उत्तर समुद्राशी जोडलेल्या ॲम्स्टरडॅमच्या शून्यापासून मोजतो, तर स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रावरील मार्सेयच्या शून्यापासून. दोहोंत २७ सेंटिमीटरांचे अंतर आहे. लाउफेनबुर्ग येथे ऱ्हाइन नदीवर दोन्ही देश आपापल्या काठाकडून पूल बांधत होते. अभियंत्यांना हा फरक ठाऊक होता, पण दुरुस्ती करताना अधिकच्या जागी उणे झाले आणि २००३ साली दोन बाजूंत ५४ सेंटिमीटरांची तफावत असल्याचे आढळले. एका बाजूचे काम त्यानुसार सुधारून घ्यावे लागले. शून्य हे निसर्गात सापडत नाही. ते ठरवावे लागते. आणि दोघांनी वेगवेगळे ठरवले, तर तेही लक्षात ठेवावे लागते.

भारतातल्या तीस सेंटिमीटरांचा उलगडा गोव्यात झाला. तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात बंगालच्या उपसागराची पातळी वर का असते, याची मीमांसा केली. मुख्य कारण क्षारतेतल्या फरकाचे आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा अशा मोठ्या नद्या आणि भरपूर पाऊस यांमुळे उपसागराचे पाणी कमी खारट असते. अरबी समुद्रात नद्यांचे पाणी तुलनेने कमी येते आणि बाष्पीभवन अधिक होते. कमी खारट पाणी हलके असते. तेवढ्याच वजनाचे पाणी अधिक जागा व्यापते, म्हणून त्याचा पृष्ठभाग उंच राहतो.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. त्र्यंबकेश्वर अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरांवर आहे, महाबळेश्वरही फार दूर नाही. पण तेथे उगम पावणाऱ्या गोदावरी आणि कृष्णा पूर्वेकडे वाहतात. अरबी समुद्रावरून आलेल्या पावसाचे गोडे पाणी त्या उपसागराला नेऊन देतात. सह्याद्री हा जलविभाजक आहे, हे वाक्य आपण शाळेत पाठ करतो. दोन समुद्रांच्या पातळीतल्या फरकाला त्या जलविभाजकाचाही हातभार लागतो, हे त्या वाक्यावरून सुचत नाही.

तर मग उंची मोजायची कशापासून? याचे आजचे उत्तर 'जिऑइड' या संकल्पनेत आहे. वारा, प्रवाह, भरती, क्षारतेतले फरक हे सारे वजा केले आणि केवळ गुरुत्वाकर्षण व पृथ्वीचे परिवलन यांच्या अधीन समुद्र स्थिर झाला, तर त्याचा जो पृष्ठभाग होईल, तो जिऑइड. ओळंबा सर्वत्र त्याला लंब असतो. पण हा पृष्ठभागही गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान असमान वाटलेले असल्यामुळे तो गणिती लंबगोलाच्या वरखाली होतो आणि त्याचा सर्वांत खोल भाग श्रीलंकेच्या दक्षिणेस, लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे. मुंबईतही तो साठेक मीटर खाली आहे. त्यामुळे उपग्रहांच्या साहाय्याने केवळ लंबगोलापासून उंची मोजणारे यंत्र मुंबईच्या किनाऱ्यावर ऋण आकडा दाखवते. ते यंत्र बिघडलेले नसते. त्याचे शून्य वेगळे असते. कालियानाचा ओळंबा आणि विशाखापट्टणमचा समुद्र या दोन्ही गोष्टी येथे एकाच संकल्पनेत भेटतात.

हा इतिहास आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण शून्यच सरकू लागले आहे. हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय समितीच्या २०२१च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली आणि २००६ ते २०१८ या काळात हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. एके काळी वाटून टाकलेल्या फरकाशी तुलना करावी, अशीच ही वाढ आहे. खाजणाच्या बांधाची उंची, पुलाखालची मोकळी जागा, पावसाळी गटाराचे समुद्रातले तोंड यांचे आकडे अखेर समुद्रपातळीच्या कोणत्या तरी जुन्या सरासरीशी बांधलेले असतात. मुंबईच्या किनाऱ्यावर भर पावसात उधाण आले, की गटारांचे पाणी समुद्रात शिरत नाही. त्या वेळी समुद्रसपाटी म्हणजे नेमके काय आणि ती कोणत्या वर्षीची, हा प्रश्न केवळ परीक्षेतला राहत नाही.

कळसूबाईची उंची पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने हे सर्व उत्तरपत्रिकेत लिहावे, असे कोणी म्हणणार नाही. चार पर्यायांतून एक निवडायचा असेल, तर एका ओळीची व्याख्या पुरते. पण त्या विद्यार्थ्यांतलेच काही जण उद्या पाटबंधारे खात्यात, नगरपालिकेत किंवा महसूल विभागात बसून नकाशांवर सही करणार आहेत. नकाशावरचा आकडा कोणत्या शून्यापासून मोजलेला आहे, हे विचारायची सवय त्यांना असायला हवी. आणि हिशेबात न बसणारा फरक समोर आला, तर तो वाटून टाकण्याआधी दोनदा पाहण्याचीही.